इन्व्हर्टेड फुल-बॅक: आधी परतीची वाट, मग आत जाण्याची

९ एप्रिल २०२३, लिव्हरपूलचं मैदान ॲनफिल्ड. आर्सेनलने अर्ध्या तासातच २-० अशी आघाडी घेतली होती. मध्यंतराआधी लिव्हरपूलच्या सालाहने एक गोल फेडला. ८७व्या मिनिटाला लिव्हरपूलच्या ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्डला उजव्या बाजूला चेंडू मिळाला, समोर आर्सेनलचा ओलेक्झांडर झिंचेन्को. ट्रेंटने त्याला चकवलं, चेंडू दुसऱ्या खांबाकडे अलगद उचलला आणि फर्मिनोने डोक्याने बरोबरी साधली.

फुल-बॅक म्हणजे बचावफळीत कडेला खेळणारा खेळाडू. इन्व्हर्टेड फुल-बॅक शिकवायला बसलो की मी या गोलापासून सुरुवात करतो. त्या दिवशी या दोघांना एकच काम दिलेलं होतं: आपल्या संघाकडे चेंडू आला की कडेची जागा सोडायची आणि मधल्या फळीत जाऊन उभं राहायचं. झिंचेन्को तो संपूर्ण मोसम हेच करत होता. ट्रेंटने त्या सामन्यापासून सुरू केलं आणि त्यानंतर लिव्हरपूलने सलग सात लीग सामने जिंकले. तरीही सामन्याचा निकाल ठरवणारा क्षण आला तो कडेलाच, एकास एक, फुल-बॅकच्या जुन्या, नेहमीच्या लढतीत. आत जाणारा खेळाडू बचावपटूच राहतो. हे ज्या संघाला कळत नाही तो पहिल्या तीन सामन्यांत छान दिसतो आणि चौथ्यात चार गोल खातो.

म्हणून या लेखातला क्रम नेहमीपेक्षा वेगळा आहे. चेंडू समोरच्या संघाकडे गेल्यावर काय करायचं ते आधी, आत कधी आणि कसं जायचं ते नंतर.

काम नेमकं काय

एक गोंधळ सुरुवातीलाच मिटवू. उजव्या पायाचा खेळाडू डाव्या बाजूला खेळला म्हणजे तो इन्व्हर्टेड फुल-बॅक झाला, असं अनेकजण समजतात. २००६च्या विश्वचषकाचा पहिला गोल आठवा. म्युनिकमध्ये कोस्टा रिकाविरुद्ध फिलिप लाम डाव्या बाजूने आत वळला आणि उजव्या पायाने चेंडू वरच्या कोपऱ्यात मारला. लाम तेव्हा विरुद्ध पायाचा फुल-बॅक होता. आत वळला तो चेंडू घेऊन, गोल करायला.

इन्व्हर्टेड फुल-बॅक आत जातो तो चेंडू नसताना. २०१३मध्ये पेप ग्वार्डिओला बायर्न म्युनिकला आले आणि त्यांनी याच लामला, आणि दुसऱ्या बाजूला डेव्हिड अलाबाला, आक्रमण सुरू असताना बचावात्मक मिडफिल्डरच्या शेजारी उभं केलं. कडेला रॉबेन आणि रिबेरी हे विंगर, म्हणजे कडेचे आक्रमक, होतेच. त्यांच्या मागून धावत जाऊन गर्दी करण्यापेक्षा फुल-बॅकने मध्ये थांबावं, असा सरळ विचार त्यामागे होता.

यातून तीन गोष्टी हाती लागतात. मध्ये एक माणूस वाढतो. चेंडू गेला तर प्रतिहल्ल्याचा सगळ्यात जवळचा रस्ता, म्हणजे मैदानाचा मधला भाग, आधीच अडवलेला असतो. तिसरी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते: समोरच्या विंगरला कोड्यात टाकता येतं. तो आपल्या फुल-बॅकच्या मागे आत आला, तर आपल्या सेंटर-बॅकपासून (बचावफळीतल्या मधल्या खेळाडूपासून) आपल्या विंगरपर्यंत सरळ पासची वाट मोकळी होते. तो कडेलाच थांबला, तर आपला फुल-बॅक मध्ये मोकळा उभा असतो. त्याने काहीही निवडलं तरी एक दार उघडंच राहतं. फुल-बॅक आत गेला आणि विंगरला असा निर्णय घ्यावाच लागला नाही, तर ती फक्त जागेची अदलाबदल झाली.

पायरी १: मैदान आखून घ्या

सरावाच्या मैदानावर पाच उभे पट्टे आखा. मोजायला वेगळी खूण लागत नाही. पेनल्टी बॉक्सच्या आणि गोल एरियाच्या उभ्या रेषा मैदानभर पुढे वाढवल्या की झालं. ६८ मीटर रुंदीच्या मैदानावर मधला पट्टा १८.३२ मीटर, त्याच्या दोन्ही बाजूंचे हाफ-स्पेस प्रत्येकी ११ मीटर आणि कडेचे दोन पट्टे प्रत्येकी १३.८४ मीटर भरतात. कोन ठेवा, नाहीतर चुन्याने रेघा मारा. मैदान लहान असेल तर त्याच प्रमाणात पट्टे लहान करा.

नियम एकच सांगा: एकाच बाजूचा विंगर आणि फुल-बॅक कधीही एकाच पट्ट्यात नकोत. विंगर कडेला तर फुल-बॅक आत, विंगर आत वळला तर फुल-बॅक बाहेर. हा एक नियम मुलांच्या अंगवळणी पडायला दोन-तीन आठवडे जातात. तेवढे जाऊ द्या.

पायरी २: मागे कोण उरतं ते ठरवा

एक फुल-बॅक आत गेला की उरलेल्या तिघांनी मागची फळी करायची. म्हणजे मागे तीन, त्यांच्या पुढे दोन, आणि सगळ्यात पुढे पाच: ३-२-५. ट्रेंट आत गेला की अँडी रॉबर्टसन डावीकडे तिसऱ्या सेंटर-बॅकसारखा मागे राहायचा आणि उजवीकडची मोठी मोकळी जागा इब्राहिमा कोनातेच्या पायांवर सोपवलेली असायची. आर्सेनलमध्ये झिंचेन्को थॉमस पार्टेच्या शेजारी यायचा आणि त्यामुळे ग्रॅनिट झाका पुढे सुटायचा. बचावात्मक समजल्या जाणाऱ्या झाकाने त्या २०२२-२३च्या मोसमात लीगमध्ये ७ गोल केले. फुल-बॅकच्या हालचालीचं फळ दुसऱ्याच कुणाच्या नावावर लागतं, ते असं.

दोन्ही फुल-बॅक एकदम आत घेतले तर मागे दोन आणि पुढे तीन, म्हणजे २-३-५ होतं. अँजे पोस्टेकोग्लू यांनी टॉटनहॅममध्ये पेद्रो पोरो आणि डेस्टिनी उडोगी यांना असंच खेळवलं. बघायला जोरकस वाटतं, पण दोन सेंटर-बॅकना मैदानाची पूर्ण रुंदी सांभाळावी लागते. दोघेही अतिशय वेगवान नसतील तर या वाटेला जाऊ नका. एकाच बाजूने सुरुवात करा. बाजू निवडताना फुल-बॅकपेक्षा त्याच्या मागच्या सेंटर-बॅककडे बघा. जो सेंटर-बॅक कडेला ओढला गेला तरी एकास एक लढतीत घाबरत नाही, त्याच्या बाजूचा फुल-बॅक आत पाठवा.

पायरी ३: चेंडू गेला, आता?

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. चेंडू कुठे गेला त्यावर फुल-बॅकचं काम ठरतं आणि प्रत्येक ठिकाणी ते वेगळं असतं.

चेंडू मध्येच, त्याच्या आसपास गेला तर मागे वळायचं नाही. पुढे झेपावायचं. पाच-सहा सेकंद चेंडूवाल्याला मान वर करू द्यायची नाही. तो मध्ये उभा आहे तो याचसाठी. फाउल करायची वेळ आली तर ती आपल्या बॉक्सपासून दूर, लवकर आणि धोकादायक नसलेली असावी. उशिरा पाय घातला की कार्डही मिळतं आणि मधली फळीही उघडी पडते.

चेंडू पलीकडच्या बाजूला गेला तर धावायचा मोह आवरायचा. आपण मधल्या पट्ट्यात, आपल्या बॉक्सच्या समोर थांबायचं आणि मागून धावत येणारा मिडफिल्डर उचलायचा. असे गोल बहुतेक वेळा ज्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं अशाच माणसाकडून होतात.

चेंडू आपल्याच बाजूच्या कडेला गेला तर? इथे जवळजवळ प्रत्येक नवा खेळाडू चुकतो. त्याचं मन सांगतं की ती जागा माझी, म्हणून तो तिरका आपल्या जुन्या कोपऱ्याकडे सुटतो. समोरचा विंगर आधीच धावत असतो. फुल-बॅक त्याच्या पाठीमागून पळत राहतो आणि गाठत कधीच नाही. जाताना मधली जागाही रिकामी करून जातो.

योग्य वाट सरळ मागे आहे. त्या बाजूचा सेंटर-बॅक कडेला सरकून विंगरला सामोरा जातो आणि फुल-बॅक त्या सेंटर-बॅकने सोडलेल्या फटीत, सेंटर-बॅकांच्या ओळीत जाऊन बसतो. अंतर कमी, दिशा आपल्या गोलकडे, आणि क्रॉस (कडेवरून बॉक्समध्ये टाकलेला चेंडू) आलाच तर तिथे माणूस हजर. काही क्षणांसाठी फुल-बॅक सेंटर-बॅक होतो आणि सेंटर-बॅक फुल-बॅक. खेळ थांबला, चेंडू बाहेर गेला की मग जागा बदलून घ्यायच्या. चालू खेळात नाही.

सराव असा घ्या. अर्ध्या मैदानावर आपले सात: मागे तीन, पुढे दोन, आणि दोन विंगर. समोर सहा. आपण नेहमीप्रमाणे चेंडू खेळवतो. प्रशिक्षकाच्या पायाशी दुसरा चेंडू असतो. शिट्टी वाजली की पहिला चेंडू बाद, दुसरा लगेच समोरच्या संघाकडे, कधी मध्ये, कधी जवळच्या कडेला, कधी लांबच्या. त्यांना गोल करायला १० सेकंद. शिट्टीनंतर फक्त फुल-बॅकची पहिली तीन पावलं बघा. तीच बरोबर पडली तर पुढचं बहुतेक आपोआप जमतं. हा सराव मी आठवड्यातून दोनदा घेतो, प्रत्येक वेळी १२ ते १५ मिनिटं. त्याहून लांबवला तर मुलं दमतात आणि चुकीच्या सवयी पक्क्या होतात.

पायरी ४: आत कधी यायचं

आधीपासून आत जाऊन उभा राहिलेला फुल-बॅक कुणालाच कोड्यात टाकत नाही. समोरच्या संघाला त्याला मार्क करायला भरपूर वेळ मिळतो. तो बाहेरून आत येत असताना, चालता-चालता मोकळा झाला पाहिजे.

खूण सेंटर-बॅककडे बघून ओळखायची. सेंटर-बॅकच्या पायाशी चेंडू आहे, त्याच्यावर कुणी धावून येत नाही, त्याची मान वर आहे, आणि आपला विंगर बाजूरेषेला चिकटून उभा आहे. या गोष्टी जुळल्या की निघायचं. सेंटर-बॅकवर दाब असेल तर निघायचं नाही, कारण त्या क्षणी त्याला कडेला सोप्या पासची गरज असते आणि तो पास घ्यायला फुल-बॅकच हवा. २०१९पासून गोल-किकच्या वेळी आपले खेळाडू आपल्याच बॉक्समध्ये चेंडू घेऊ शकतात. तेव्हापासून समोरचे संघ अगदी बॉक्सपर्यंत चढून प्रेस करतात. अशा वेळी फुल-बॅकने आत घुसून आणखी एक प्रतिस्पर्धी मध्ये ओढून आणला तर गोलरक्षकाचं अवघड काम आणखी अवघड होतं. पहिला दाब फुटू द्या, मग आत या.

आत आल्यावर कुठे? मुख्य बचावात्मक मिडफिल्डरच्या अगदी बरोबरीला नको, एकाच पासच्या रेषेत तर मुळीच नको. दोघांत १० ते १२ मीटर अंतर, एक किंचित पुढे, एक किंचित मागे. जवळजवळ उभे राहिले तर समोरचा एकच स्ट्रायकर दोघांनाही आपल्या सावलीत ठेवतो.

पायरी ५: पाठ कुणाकडे, डोळे कुठे

बाजूरेषा हा फुल-बॅकचा सगळ्यात भरवशाचा सोबती असतो. तिच्या पलीकडून कुणी चेंडू हिसकायला येत नाही. त्यामुळे लहानपणापासून फुल-बॅक खेळलेल्या मुलाला अर्ध्याच मैदानाकडे बघायची सवय असते. आत आल्यावर धोका चारही बाजूंनी येतो.

माझ्याकडे सोळा वर्षांचा एक राइट-बॅक आहे. पास नेमका, दम चांगला. पहिल्या दिवशी मी त्याला आत आणलं तेव्हा सेंटर-बॅककडून आलेला पहिला चेंडू त्याने डाव्या पायाखाली व्यवस्थित थांबवला. दोन्ही खांदे आपल्या गोलकडे, पाठ पूर्ण मैदानाकडे. मान खाली चेंडूवर. उजव्या खांद्यामागून प्रतिस्पर्धी आला तो त्याला दिसलाच नाही, फक्त पायाखालून चेंडू गेल्याचं कळलं. त्याने माझ्याकडे बघितलं. तंत्र चुकलं नव्हतं, पण चेंडू यायच्या आधी त्याने एकदाही मागे बघितलं नव्हतं.

आम्ही त्याला एकच गोष्ट महिनाभर करायला लावली. सेंटर-बॅक पासची तयारी करतो तेव्हा एकदा मागे बघ, पास सुटल्यावर चेंडू वाटेत असताना पुन्हा एकदा बघ. चेंडू घेताना खांदे आडवे नकोत, तिरके हवेत. आपला गोलरक्षक एका डोळ्याच्या कोपऱ्यात आणि समोरचा गोल दुसऱ्या डोळ्याच्या कोपऱ्यात दिसला पाहिजे. चेंडू लांबच्या पायावर घ्यायचा, म्हणजे पहिल्या स्पर्शातच शरीर उघडतं. मागे कुणी असेल तर थांबवायचाच नाही, एका स्पर्शात परत द्यायचा.

हे घोटून घ्यायला १२ बाय १२ मीटरचा चौकोन पुरे. चारही बाजूंना एकेक खेळाडू, मध्ये आपला फुल-बॅक आणि त्याच्यावर एक प्रतिस्पर्धी. पास येताना फुल-बॅकच्या पाठीमागचा खेळाडू हात वर करून बोटं दाखवतो आणि फुल-बॅकने चेंडू घ्यायच्या आत आकडा ओरडून सांगायचा. आकडा चुकला की चेंडू गेला असं धरायचं. साधा खेळ आहे, पण मान आपोआप वळायला लागते. सहा आठवड्यांनी त्या मुलाला आकडा सांगायची गरज उरली नाही.

पायरी ६: माणूस कोण

वेगवान, वर-खाली पळणारा, क्रॉस टाकणारा फुल-बॅक असेल तर त्याला जबरदस्तीने आत कोंबू नका. त्याचं बळ कडेला आहे, त्याला तिथेच राहू द्या. मँचेस्टर सिटीने २०१७-१८मध्ये डाव्या फुल-बॅकच्या दुखापतीनंतर फेबियन डेल्फला तिथे खेळवलं. तो मूळचा मिडफिल्डर. त्या मोसमात सिटीने लीगमध्ये १०० गुण मिळवले. पुढे रिको लुईससारखा अंगाने लहान पण चेंडूला चिकटलेला मुलगा आला, आणि जॉन स्टोन्ससारखा सेंटर-बॅकही. २०२३च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात स्टोन्स आपल्या संघाकडे चेंडू आला की मागच्या फळीतून निघून मिडफिल्डर रॉद्रीच्या पुढे-शेजारी जायचा आणि मागे अकांजी, डियास, आके उरायचे.

पायाचा मुद्दा दुय्यम आहे, पण विसरू नका. डाव्या बाजूने आत आलेल्या उजव्या पायाच्या खेळाडूला, जसा जोआओ कॅन्सेलो, सगळं मैदान त्याच्या चांगल्या पायासमोर उघडं मिळतं, त्यामुळे बचावफळीच्या डोक्यावरून टाकायचे लांब पास त्याला सोपे जातात. उलट डावखुरा झिंचेन्को आत येऊन डाव्या विंगरला सहज, पटकन चेंडू देऊ शकतो. तुम्हाला त्याच्याकडून कोणता पास जास्त हवा आहे ते ठरवा.

विंगरबद्दल थोडंच. तो कडेला एकटा पडणार, एकास एक लढणार. ती लढत जिंकायची धमक नसेल तर फुल-बॅकने त्याच्या मदतीला बाहेरच जावं. रॉबेनसारखा आत वळून शॉट मारणारा विंगर चालतो, पण त्याची सुरुवात बाजूरेषेवरून व्हायला हवी.

समोरचा संघ काय करेल

हुशार प्रशिक्षक आपल्या विंगरला मागे बोलावणारच नाही. त्याला तो तुमच्या रिकाम्या कडेला, तुमच्या गोलच्या दिशेने बराच पुढे उभा ठेवेल आणि चेंडू मिळताच त्याचा संघ तिकडे लांब पास टाकेल. असं दिसलं की बाहेरच्या सेंटर-बॅकने पाच-सात मीटर कडेला सरकून आधीपासूनच त्या विंगरच्या जवळ राहावं आणि फुल-बॅकने फार पुढे न जाता मागच्या फळीजवळ थांबावं. त्यानंतरही तीच वाट उघडी राहत असेल तर दहा-पंधरा मिनिटं फुल-बॅकला साधा फुल-बॅक होऊ द्या. विंगर खाली यायला लागला की पुन्हा आत पाठवा.

दुसरा उतारा माणसाला माणूस. फुल-बॅक आत आला की त्याच्यासोबत एक खेळाडू चिकटून येतो. मग आपल्या फुल-बॅकने चेंडू मागायचा नाही. त्या माणसाला घेऊन मध्येच, जरा लांब सरकायचं आणि मागे उघडलेल्या जागेत आपला सेंटर-बॅक चेंडू घेऊन पुढे चालत जाईल असं बघायचं. त्या दिवशी फुल-बॅकला चेंडू कमी मिळेल. पालक आणि प्रेक्षक म्हणतील की तो दिसलाच नाही. त्याला सामन्याआधीच सांगून ठेवा की तुझं काम तेच होतं.

पहिल्या सामन्यात

एका सहकाऱ्याला वही देऊन बसवा. आपण चेंडू गमावला की प्रत्येक वेळी त्याने दोनच गोष्टी लिहायच्या: चेंडू कोणत्या पट्ट्यात गेला, आणि पाच सेकंदांनी आपला फुल-बॅक कुठे होता. पास किती, टॅकल किती, हे आज नको. मध्यंतराला ती वही फुल-बॅक आणि त्याच्या बाजूचा सेंटर-बॅक, या दोघांना एकत्र बसवून दाखवा. ‘आपल्या बाजूची कड’ असं लिहिलेल्या प्रत्येक ओळीपुढे ‘कोपऱ्याकडे पळाला’ असेल, तर दुसऱ्या अर्ध्यात आत जाणं बंद ठेवा आणि मंगळवारी पुन्हा पायरी ३पासून सुरू करा. ‘फटीत बसला’ असं निम्म्याहून जास्त वेळा आलं, तर त्याला आणखी पाच मीटर पुढे उभं राहायची मोकळीक द्या.